पोचल्याचा निरोप

"पास का नापास, बाबा?" ईश्वरीनं विचारलं. माधवराव स्वयंपाकघरात स्टुलावर बसले होते. स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली यांच्यामधल्या भिंतीत ताटं-वाट्या सरकवायला एक लहानशी खिडकी होती, आणि गेले काही दिवस ती खिडकी म्हणजे अमेरिकेची वकिलात झाली होती. आतल्या बाजूला कांद्याची टोपली, मिसळणाचा डबा आणि व्हिसा देणारे साहेब म्हणून माधवराव. बाहेरच्या बाजूला फाइल छातीशी धरून उभी असलेली त्यांची एकुलती एक मुलगी. प्रश्न रोजचेच होते. हेच विद्यापीठ का, मातीवरच का शिकायचंय, परभणीला नाही का तो विषय, खर्च कोण करणार. या सगळ्यांची उत्तरं ती पाण्यासारखी देत असे. गाडं अडायचं ते शेवटच्या प्रश्नाशी. शिक्षण संपल्यावर तू परत जाशील हे आम्ही कशावरून मानावं? आज त्या प्रश्नाला तिनं क्षणभर थांबून, नजर किंचित खाली नेऊन पुन्हा वर आणून, साध्या इंग्रजीत उत्तर दिलं होतं. घरून कुणी परगावी निघालं की माझे बाबा केर काढू देत नाहीत. तो माणूस परत घरी येईपर्यंत झाडू हातात घेऊ देत नाहीत. मी परत गेले नाही तर ते तसेच धुळीत बसून राहतील. मला ठाऊक आहे, म्हणून मी जाणार. एवढंच. आणि माधवरावांना समोरची भिंत पाण्यातून बघावी तशी हलताना दिसली.

"पास," ते शेवटी म्हणाले. "पण मी कुठं परत येईपर्यंत थांबतो? पोचल्याचा निरोप आला की काढायला लावतो की मी केर."

"अहो बाबा, थोडं वाढवून सांगावं लागतं. तुमीच म्हणलात ना?" ईश्वरीनं फाइल दिवाणावर टाकली, केस वर बांधले. "उठा आता साहेब. पोहे टाकते. लय भूक लागलीय मला." तोंडावरचं ते आत्ताचं, दूरच्या धुळीकडं बघणारं सगळं पुसलं गेलं होतं. ती दाणे शोधायला डबे उघडून बघत होती आणि कुठल्याशा मैत्रिणीच्या लग्नाचं बोलत होती. माधवराव स्टुलावरून उठले तेव्हा त्यांचे गुडघे कुरकुरले. आपण आत्ता जवळजवळ रडलो होतो आणि जिनं रडवलं ती भुकेजली आहे, हे त्यांना कसंसंच वाटलं. पण हे दृश्य त्यांना नवं नव्हतं. मानवतच्या शाळेत इंग्रजी शिकवता शिकवता जन्मभर त्यांनी गॅदरिंगची नाटकं बसवली होती. बजरंग नावाचा एक पोरगा होता. आईला शेवटचं भेटायला उशिरा पोचलेल्या मुलाचं काम करायचा, आणि अडतीवर कापसाचे भाव करून दगड झालेली माणसं पदरानं-उपरण्यानं डोळे टिपायची. पडदा पडला की हाच बजरंग पहिल्यांदा विचारायचा, सर, भजे आले का? तेव्हा माधवरावांना त्याचं केवढं कौतुक वाटायचं. हाडाचा नट आहे म्हणून चारचौघांत सांगायचे. बजरंगच्या आईला त्या भज्यांचं काय वाटलं असेल, हा प्रश्न त्यांना तेव्हा पडला नव्हता. आज पोह्यांच्या फोडणीचा ठसका लागला आणि तो पडला.

खरं म्हणजे हे सगळं त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलेलं होतं. ईश्वरीला तिकडच्या विद्यापीठानं फी माफ करून बोलावलं होतं, वर राहण्या-जेवण्यापुरतं वेतनही देऊ केलं होतं. गल्लीत कुणी म्हणालं, जगात जर्मनी अन् भारतात परभणी म्हणतात, मग पोरगी मधूनच अमेरिकेला कशी वळली? त्या हसण्यात माधवरावही मोकळेपणानं हसले होते. आणि मग पहिल्या खेपेला मुंबईहून ती नकार घेऊन आली. शेवटच्या प्रश्नाला तिनं वसमत रस्त्यावरच्या रंगनाथनं पाठ करून घेतलेलं वाक्य म्हणून दाखवलं होतं, माझे कौटुंबिक बंध बळकट आहेत, असं काहीतरी. रंगनाथ हा माधवरावांचाच जुना विद्यार्थी. परदेशी जाणाऱ्या पोरांना तो तयार करायचा. "सर, कायदाच तसा हाय त्यांचा," तो म्हणाला होता. "खिडकीपुढं आलेला हरएक माणूस कायमचाच राहायला चाललाय, असं ते आधीच धरून चालतात. न्हाई म्हणून त्यांना पटवायचं ते आपण. मी वाक्यं देतो सर, पण वाक्यात जीव कुठून आणू? तो तुमचा धंदा. घरात एवढा दिग्दर्शक असताना तुमी माझ्याकडं कामून पाठवलं तिला?" माधवराव या बोलण्यानं फुगले, हे त्यांना आता कबूल करावं लागत होतं. त्या दिवसापासून तीन आठवडे रोज दिवेलागणीला ती खिडकी उघडू लागली.

आणि ते शिकवू लागले ते तर मन लावून. वाक्य पाठ करू नको, वस्तू पाठ कर. बंध-बिंध कुणाला दिसत नाहीत. घरातलं असं काहीतरी सांग, जे त्या साहेबाला खिडकीतून दिसेल. उत्तराआधी थांब, पण विचार करतेयस असं नको दिसायला, आठवतंय असं दिसू दे. आणि मुख्य म्हणजे कानाला हात लावू नको. ही सवय ईश्वरीची लहानपणापासूनची. खोटं बोलायचं झालं की तिचा हात आपसूक डाव्या कानाच्या पाळीवर जायचा. येलदरीच्या धरणावर एकदा तिघं गेले होते, त्यांची बायको कावेरी होती तेव्हा. पोरगी मासे बघायला पार पाण्याच्या कडेला गेली आणि परत येऊन कान चोळत म्हणाली, मी कुठं गेलते, इथंच तर होते. फ्रॉकचा घेर ओला. कावेरी हसून हसून बेजार झाली होती. हिला काही विचारायची गरजच नाही, म्हणाली, हिचा कान बघायचा. पुढं कितीतरी वर्षं, कावेरी गेल्यावरही, माधवरावांनी त्या कानावर घर चालवलं. ताप असून नाही म्हणते का, शाळेत कुणी बोललं तरी लपवते का, आईची आठवण येते का. विचारायचं आणि कान बघायचं. तर ती सवय त्यांनी या खिडकीतून मोडून काढली. हात वर जायला लागला की ते टेबलावर पट्टी आपटावी तशी उलथनी ओट्यावर आपटायचे. आता जात नव्हता हात. कधीच जात नव्हता.

पोहे खाताना त्यांना वाटलं, विचारावं. साहेब म्हणून नव्हे, बाप म्हणून. ईशू, खरंच येशील का गं? प्रश्न जिभेवर आला आणि तिथंच विरघळला. कारण तो त्यांनी इतक्यांदा विचारलेला होता, की त्याला आता चवच उरली नव्हती. विचारला तर ती क्षणभर थांबेल, नजर खाली नेऊन वर आणेल, आणि उत्तर देईल. ते उत्तर पटेल. पटणारच, पटावं म्हणूनच तर ते घासूनपुसून केलं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, दुसऱ्या कुणाला बोल लावावा तर तोही मार्ग नव्हता. तिच्या पोटातलं ओळखायची एकच वाट होती, ती आपणच बुजवून टाकली. आणि कशासाठी? तिनं जावं म्हणून. त्यांनी पाणी प्यायलं. ईश्वरी म्हणाली, "तिखट झालेत का?" ते म्हणाले, "न्हाई, बरोबर हायत."

रात्रभर, आणि मग पुढचे कित्येक दिवस, ते केराचं वाक्य त्यांच्या कानात राहिलं. तिनं नेमकं तेच का उचललं असेल? त्या गोष्टीबद्दल बापलेक कधी बोलले नव्हते. कावेरीला तापातून उठताच आलं नाही. तिला चौघांनी उचललं आणि मडकं धरून माधवराव पुढं झाले. फाटकाबाहेर पाऊल पडतं न पडतं तोच मागून घरात खराट्याचा आवाज सुरू झाला. शेजारच्या सुमनबाई रिवाजाप्रमाणे घर झाडून काढत होत्या. त्यांचं काही चुकलं नव्हतं, माणूस गेलं की मागं झाडून घेतातच. म्हणून तर एरवी कुणी गावाला निघालं की लगेच केर काढत नाहीत. पण तो खर्र खर्र आवाज माधवरावांच्या पाठीत शिरला तो शिरलाच. अजून ती कोपऱ्यावर वळली नाही आणि तुम्ही तिचं घरातलं सगळं गोळा करून टाकायलात, असं त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं होतं. मागं वळून बघायचं नसतं म्हणून ते वळले नाहीत. ईश्वरी तेव्हा शाळेच्या गणवेशात ओसरीच्या खांबाला धरून उभी होती, हे त्यांना नंतर कुणीतरी सांगितलं. म्हणजे तिनं तो आवाज ऐकला होता. नुसता ऐकला नव्हता, झाडताना पाहिलंही होतं. त्यानंतर घरून कुणीही निघो, ईश्वरी सहलीला जावो की पुतण्या अवधूत येऊन परत जावो, पोचल्याचा फोन येईपर्यंत माधवरावांनी झाडूला हात लावू दिला नाही. कामाला येणाऱ्या चांगुणाबाई आधी कुरकुरल्या, मग सवयीनं आल्या आल्या विचारू लागल्या, पोचले का पाव्हणे, काढू का? पोरीनं हे सारं बघून ठेवलं, इतकी वर्षं मनात जपलं, आणि कामाला लागलं तेव्हा काढून दाखवलं. घरातली वस्तू सांग, असं आपणच तर म्हणालो. मग हे प्रेम झालं की नुसती हुशारी? की हल्लीच्या मुलांचं ते एकच असतं? माधवरावांना ठरवता येईना. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं स्वतःशीच म्हणून त्यांनी हसून बघितलं, पण हसू काही टिकलं नाही.

दुसऱ्या खेपेची मुलाखत हैदराबादला मिळाली. माधवरावांचे आजोबा निजामाच्या काळात जमिनीच्या वादासाठी हैदराबादच्या कचेरीत खेटे घालायचे, आणि दर वेळी हात हलवत परत यायचे. ते गाडीत ईश्वरीला सांगावं असं त्यांच्या मनात होतं, पण अपशकून नको म्हणून त्यांनी सांगितलं नाही. सकाळची गाडी होती. पूर्णा सोडलं, नांदेड गेलं, बाहेर काळ्या रानात नुसत्या पऱ्हाट्या उभ्या होत्या. ईश्वरी खिडकीला डोकं टेकून बसली होती. तिच्या कपाळावर कावेरीसारखीच एक बारीक आठी होती, आणि झोपेत असल्यासारखी ती इतकी आपली वाटत होती की माधवरावांच्या तोंडून गेलंच.

"ईशू, एक इचारू?"

"इचारा की."

"तिकडं शिकणं झाल्यावर... येशील ना गं?"

तिनं डोळे उघडले. बापाकडं पाहिलं. आणि ती थांबली. अगदी बेताचं थांबणं, आठवत असल्यासारखं. नजर किंचित खाली गेली आणि वर येऊ लागली. हात मांडीवरच होता. माधवरावांनी त्या हाताकडं पाहिलं, मग त्या कानाकडं. खरं बोलणारं माणूसही असंच थांबत असेल, हे त्यांना कळत होतं. खरं असलं तरी आता त्यांना ते ओळखू येणार नव्हतं.

"येईन की बाबा, असं काय–"

"असू दे, असू दे," ते घाईनं म्हणाले. "झोप तू. उद्या फ्रेश राहायला पाहिजे."

दुसऱ्या दिवशी वकिलातीच्या आत आईबापांना सोडत नव्हते. ती मंडळी रस्त्यापलीकडं झाडाखाली, पायरीवर, कुठं कुठं टेकली होती. रंगनाथनं सांगून ठेवलं होतं, सर, बाहेर येणाऱ्याच्या हाताकडं बघायचं. व्हिसा झाला तर पासपोर्ट आत ठेवून घेतात, माणूस मोकळ्या हातानं येतं. न्हाई झाला तर पासपोर्ट हातात. म्हणजे जो रिकाम्या हातानं आला तो जिंकला. आजोबांच्या उलटं, माधवरावांना वाटलं. एक मुलगा हातात पासपोर्ट घेऊन बाहेर आला. त्याची आई उठून उभी राहिली, मग तिनं त्याच्या हातातली फाइल आपल्याकडं घेतली आणि दोघं चालू लागली. मुलगा मान खाली घालून होता, पण ती बाई, माधवरावांनी नीट पाहिलं, ती बाई चालताना हलकी वाटत होती. त्यांना त्या बाईचा हेवा वाटला. आणि हेवा वाटला तसं त्यांना एकदम कळलं की आपण मघापासून फाटकाकडं बघत एका निळ्या पासपोर्टाची वाट बघतोय. तो तिच्या हातात दिसावा असं आपल्याला वाटतंय. तीन आठवडे घसा फोडून शिकवलं ते एका बाजूला, आणि ही वाट बघणं एका बाजूला. स्वतःची इतकी लाज त्यांना आयुष्यात वाटली नव्हती. कावेरी असती तर तिनं माझा कान बघितला असता, असं त्यांच्या मनात आलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. समोरून ईश्वरी येत होती. तिचे दोन्ही हात हवेत होते, फाइल काखेत.

"झालं बाबा! झालं!" ती धावत रस्ता ओलांडून आली. "एवढं सोपं? हेच विद्यापीठ का म्हणले, खर्च कोण करणार म्हणले, अन् ऑल द बेस्ट! संपलं."

"अन् ते?"

"काय ते?"

"परत येण्याचं."

"इचारलंच न्हाई!" ती हसत सुटली. "एवढी तालीम केली ती फुकट गेली आपली. मी तर वाटच बघायले, आता इचारतील, आता इचारतील. कुणाला काहीच पडलेलं न्हाई बाबा. जावा म्हणले." तिनं त्यांचा दंड धरला. "चला, काहीतरी गोड खाऊ." माधवराव तिच्याबरोबर चालत राहिले. म्हणजे ते वाक्य कुणी ऐकलंच नाही. जगात ते फक्त एका माणसाला पटवून झालं होतं. तिच्या हातातून ते उतरून गेलं, आणि त्यांच्या अंगावर तसंच राहिलं. बेकरीत ईश्वरीनं त्यांच्यापुढं बिस्किटांची बशी सरकवली, आणि ते बरी आहेत म्हणाले.

जायच्या दिवशी तिनं त्यांना विमानतळापर्यंत येऊ दिलं नाही. "तुमी तिथून एकटे परत येणार, मला विमानात तेच दिसत राहील," ती म्हणाली, आणि हे कुठल्याही तालमीतलं नव्हतं, म्हणून त्यांनी ऐकलं. अवधूत गाडी घेऊन आला होता, तोच तिला सोडणार होता. तिनं कावेरीच्या फोटोला नमस्कार केला, त्यांच्या हातचं दही घेतलं. वाकून उठताना तिचे डोळे भरले होते. माधवरावांनीही डोळे भरू दिले. निदान हे तरी त्यांना कुणाला शिकवावं लागलं नव्हतं. उंबऱ्यापाशी ती वळून म्हणाली, "चांगुणाबाईला झाडू देऊ नका बरं का आत्ताच." गाडी कोपऱ्यावर वळली. घर गप्प होतं. सामान बांधतानाचे कागदाचे कपटे, दोऱ्याचे तुकडे, चपलांची माती सगळीभर पडलेली होती, आणि त्यांना ते बघून जरा बरं वाटलं.

निरोप आला तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. पोचले बाबा. रूम छान आहे. थंडी आहे. सोबत एका खिडकीचा फोटो, बाहेर कापलेलं हिरवंगार गवत, कुठं एक पान पडलेलं नाही. माधवराव तो फोटो बराच वेळ बघत बसले. मग त्यांनी फोन सदऱ्याच्या खिशात ठेवला. सकाळी चांगुणाबाई आल्या, दारातच थबकल्या.

"पोचल्या का ताई, सर? काढू का आता केर? लय कचरा झालाय बगा."

माधवराव वर्तमानपत्रातून मान वर करून म्हणाले, "न्हाई अजून."

"आं? अजून न्हाई?"

"लांब हाय ते, चांगुणाबाई. वेळ लागतो."

"लागत आसंल बाई," म्हणून त्या भांडी घासायला मागं गेल्या. त्या दिवशी झाडू दाराआड तसाच आडवा राहिला, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीही. बाहेरच्या रस्त्याची धूळ आत येऊन बसायला लागली. देवघरापर्यंत त्यांच्या पावलांची एक वाट उमटली. चांगुणाबाईंनी पुढं विचारायचं सोडून दिलं. नुसत्या एकदा जमिनीकडं आणि एकदा त्यांच्याकडं बघायच्या आणि नळ सोडायच्या.

रविवारी ईश्वरीचा फोन आला. तिकडची माती कशी आहे, प्राध्यापक कसे आहेत, तिनं वरण केलं ते कसं करपलं, सगळं ती भरभरून सांगत होती. आवाजात आनंद होता, आणि तो काही शिकवलेला नव्हता. माधवराव दिवाणावर बसून ऐकत होते, हो म्हणत होते. मग ती एकदम म्हणाली, "बाबा, केर काढला ना हो? का बसलात तसेच? मला लय फिकीर लागली होती, आठवण आली की तेच डोळ्यापुढं येतंय."

माधवराव क्षणभर थांबले. बेताचं, आठवत असल्यासारखं. समोरच्या भिंतीवर नजर नेली, गॅदरिंगच्या मांडवात शेवटच्या रांगेकडं न्यावी तशी, आणि पायाखाली रेती करकरू नये म्हणून पाय उचलून दिवाणावर घेतले.

"काढला की गं," ते म्हणाले. "त्याच दिवशी काढला. चांगुणाबाईनं फरशीसुद्धा पुसून घेतली. लख्ख हाय घर. तू काही फिकीर करू नको, तू आपला अभ्यास कर."

त्यांचा डावा हात कधी कानाच्या पाळीवर गेला होता ते त्यांना कळलंही नव्हतं. ते आता कळलं, आणि त्यांनी तो तसाच राहू दिला. फोनवर कान दिसत नाही.

"हं," ईश्वरीनं तिकडं मोकळा श्वास सोडला. "बरं झालं बाबा."

तिला ते लगेच पटलं होतं.